गावाच्या पाण्याचा ताळेबंद : पर्जन्यमापक, विहीर आणि मोबाईल

कणगीत धान्य किती आहे हे पाहिल्यावाचून कोणताही शहाणा शेतकरी वर्षाच्या खाण्याचा बेत ठरवीत नाही. कडब्याच्या गंजी किती लागल्या ह्यावरून दावणीला किती जनावरे ठेवावयाची हे तो ठरवितो. परंतु धान्य आणि कडबा ही दोन्ही ज्या पाण्यावर अवलंबून, ते पाणी भूगर्भात किती शिल्लक आहे ह्याचा अदमास न घेताच रब्बीची पेरणी होते, उसाची लागण होते. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरीने तळ गाठला म्हणजे मग धावाधाव सुरू होते.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण आपल्याकडे लहान मूलही जाणते. तथापि ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी आडात डोकावून पाहता येत असे. पाणी किती परस आहे हे गावातील कोणीही सांगू शके. आज पुष्कळ पाणी विंधण विहिरींतून येते, आणि सहा इंची भोकात कोणाला डोकावता येत नाही. डोळ्यांना जे दिसत नाही ते मोजावे लागते. हे मोजमाप करण्याची, ते टिपून ठेवण्याची आणि सर्वांना कळविण्याची साधने आता गावोगाव पोहोचली आहेत. प्रश्न साधनांचा राहिलेला नाही. मिळालेली माहिती गावाने एकत्र मांडावी आणि पेरणीच्या आधी तिच्यावरून निर्णय घ्यावा, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात ह्याचीच रीत सांगावयाची आहे.

बीड जिल्ह्याची भूमी आणि पाणी

बीड जिल्ह्याच्या मधून बालाघाटची रांग गेली आहे. उत्तरेस गोदावरी व सिंदफणेच्या काठी गेवराई, माजलगाव ह्या भागांत खोल काळी जमीन आहे. तर पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केज, अंबाजोगाई ह्या तालुक्यांतील डोंगराळ गावांत जमीन हलकी व उथळ आहे. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास असला, तरी पश्चिमेकडील तालुक्यांत तो कमी पडतो आणि सर्वत्र लहरी असतो.

जमिनीखाली बहुतेक सगळीकडे काळा पाषाण आहे. ह्या खडकाची पाणी साठविण्याची शक्ती अल्प असते. वरचा मुरूम, सच्छिद्र थर आणि खडकातील भेगा एवढ्याच जागी पाणी राहते. त्याखालचा अखंड पाषाण कोरडा असतो. म्हणून विंधण विहीर तीनशे फुटांवरून सहाशे फुटांवर नेली तरी नवे पाणी लागेलच असे नाही. पुष्कळदा शेजाऱ्याच्या भेगेतील पाणीच आपल्या भोकात येते, आणि शेजारीही मग आणखी खोल जातो. ह्या शर्यतीत दोघांचाही पैसा जातो, पाणी मात्र वाढत नाही.

पाण्याचा ताळा चुकला म्हणजे काय होते हे जिल्ह्याने अनुभवले आहे. केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरण सलग अवर्षणामुळे कोरडे पडले, आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. शहरासाठी आगगाडी आली. परंतु वाडीवस्तीवरच्या आटलेल्या विहिरीसाठी आगगाडी येत नसते. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून फार मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडणीसाठी परमुलखात जातात. त्याची कारणे अनेक आहेत. पण आपल्या शिवारात रब्बीस पाणी नाही, हे त्यांतील एक मुख्य कारण होय.

माहितीची साधने

गावाच्या पाण्याचा हिशेब मांडण्यास उपयोगी पडतील अशी पुढील साधने आज उपलब्ध आहेत.

(१) महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे. राज्यात २०१७ पासून महसूल मंडळांत ही केंद्रे उभारण्यात आली. पाऊस, तपमान, आर्द्रता आणि वारा ह्यांची नोंद ती आपोआप घेतात.

(२) भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी. ह्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे ह्या महिन्यांत घेतली जाते.

(३) ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाईलवरून करू लागला. कोणते पीक किती क्षेत्रावर आहे, म्हणजेच पाण्याचा खर्च कोठे होणार आहे, हे ह्या नोंदीवरून समजते.

(४) मेघदूत हे मोबाईलवरील ॲप. भारत हवामानशास्त्र विभाग, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि भारतीय कृषि अनुसंधान परिषद ह्यांनी ते २०१९ मध्ये सुरू केले. त्यात हवामानाचा अंदाज आणि पीकसल्ला मराठीतून मिळतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून मराठवाड्यासाठी हवामानावर आधारित सल्ला प्रसृत होतो तो वेगळाच.

(५) पाणलोटाचे नकाशे. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून ओढे, उतार, बांधबंदिस्ती व पाणीसाठे दाखविणारे नकाशे तयार होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे होते, त्यांत बीडही होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेल्या पद्धतीने गावाचा पाण्याचा ताळेबंद काढून आराखडा करण्याची रीत ह्या प्रकल्पात अवलंबिण्यात आली.

उपग्रहांची नजर आता जमिनीखालीही पोहोचली आहे. २००२ मध्ये सोडलेल्या ‘ग्रेस’ नावाच्या जोडउपग्रहांनी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक मोजले. त्यावरून राजस्थान, पंजाब, हरियाणा व दिल्ली ह्या प्रदेशांतून २००२ ते २००८ ह्या काळात सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल घटले, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु इतक्या उंचीवरून प्रदेश दिसतो, गाव दिसत नाही. आपल्या शिवारातील ओढ्याच्या वरच्या अंगाची विहीर आणि खालच्या अंगाची विहीर ह्यांतील भेद उपग्रह सांगू शकत नाही. तो आपणच मोजला पाहिजे.

पाऊस कसा मोजावा

मंडळाचे केंद्र आपल्या गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवर असू शकते. बालाघाटात एका डोंगराच्या अलीकडे पाऊस कोसळतो आणि पलीकडे शिंतोडेही पडत नाहीत, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक गावाने आपला स्वतःचा पर्जन्यमापक ठेवावा. शाळेचे अथवा ग्रामपंचायतीचे मोकळे आवार त्यास योग्य. जवळच्या झाडाची वा भिंतीची जेवढी उंची असेल, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो बसवावा. म्हणजे पावसास अडथळा होणार नाही. रोज सकाळी साडेआठ वाजता माप घ्यावे व वहीत लिहावे. मग तोच आकडा गावाच्या मोबाईल गटावर पाठवावा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लिहावा. वरच्या वर्गातील मुले हे काम आनंदाने व काटेकोरपणे करतात, मात्र शिक्षकांनी त्यावर लक्ष ठेवावे. सुटीच्या दिवशीचे माप चुकू नये अशी तजवीज असावी, कारण पाऊस रविवार पाळीत नाही.

विहीर कशी मोजावी

गावातील सर्व विहिरी मोजण्याची आवश्यकता नाही. पाणलोटाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातील मिळून दहा-बारा विहिरी निवडाव्यात. विंधण विहिरी फार असतील तर बंद पडलेल्या दोन-तीन विंधण विहिरीही घ्याव्यात. त्यांत मापाची दोरी सोडता येते. प्रत्येक विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करावी आणि दर वेळी त्या खुणेपासूनच पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. मोजणी सकाळी, उपसा सुरू होण्यापूर्वी करावी. रात्रभर पंप बंद राहिला नसेल तर मिळणारे माप फसवे असते.

मोबाईलवर विहिरीचे छायाचित्र घेताना स्थळ व तारीख त्यावर उमटेल अशी सोय करता येते. त्यामुळे कोणती नोंद कोणत्या विहिरीची ह्याविषयी वाद राहत नाही. मेअखेर व ऑक्टोबरच्या आरंभी अशी दोन मापे अवश्य घ्यावीत. ह्या दोन मापांतील फरक म्हणजे पावसाने भूगर्भात घातलेली भर होय. जानेवारी व मार्चमधील मापांवरून खर्च बेताप्रमाणे चालला आहे की नाही ते कळते.

हिशेबाचे एक उदाहरण

पुढील आकडे रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत. प्रत्येक गावाने आपले आकडे घालावेत. आरंभी एक सूत्र ध्यानात ठेवावे : एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी.

समजा, गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे, लोकवस्ती २,००० आहे, जनावरे १,००० आहेत आणि पाऊस ६०० मिलिमीटर पडला.

जमेची बाजू :
पडलेला पाऊस : ६०,००,००० घनमीटर
त्यांपैकी भूगर्भात मुरलेला (८ टक्के धरून) : ४,८०,००० घनमीटर

खर्चाची पहिली बाजू :
माणसांस, दरडोई रोज ५५ लिटर : वर्षास ४०,१५० घनमीटर
जनावरांस, दर जनावरी रोज ५० लिटर : वर्षास १८,२५० घनमीटर
एकूण : ५८,४०० घनमीटर

शेतीसाठी शिल्लक : ४,२१,६०० घनमीटर

मुरण्याचे प्रमाण खडकावर, उतारावर आणि झालेल्या मृदसंधारणाच्या कामांवर अवलंबून असते. ते बरोबर धरले की नाही, हे विहीर सांगते. आपल्या खडकात पातळी एक मीटर चढली म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या सुमारे दोन टक्केच पाणी असते. तेव्हा १,००० हेक्टरांच्या शिवारात एक मीटर चढ म्हणजे २,००,००० घनमीटर, आणि वरील ४,८०,००० घनमीटर म्हणजे सरासरी २.४ मीटर चढ. खरीपात कपाशीस पाणी दिले असेल तर चढ त्या मानाने कमी दिसेल. विहिरी जर एकच मीटर चढल्या असतील आणि खरीपातील उपशानेही हा फरक भरून निघत नसेल, तर कागदावरील आकडा बाजूला ठेवून विहिरीचा आकडा मानावा. तलाव, बंधारे व शेततळी ह्यांतील साठा जमेच्या बाजूस निराळा लिहावा.

आता शिल्लक राहिलेल्या ४,२१,६०० घनमीटर पाण्यात काय पिकेल ते पाहू. हरभऱ्यास सहा सेंटिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर हेक्टरी १,२०० घनमीटर पाणी लागते. गव्हास सात सेंटिमीटरच्या सहा पाळ्या धरल्या तर ४,२०० घनमीटर लागते. उसाची वर्षाची गरज पाटपाण्याने हेक्टरी २०,००० घनमीटर अथवा त्याहून अधिक असते. पावसाचा वाटा वजा केला तरी विहिरीतून सुमारे १५,००० घनमीटर उपसावे लागते. म्हणजे हेच पाणी एकट्या उसास दिले तर २८ हेक्टर ऊस होईल, गव्हास दिले तर १०० हेक्टर गहू होईल, आणि हरभऱ्यास दिले तर ३५० हेक्टर हरभरा होईल. पाणी तेच, परंतु एका वाटणीत ते मोजक्या घरांपर्यंत पोहोचते, तर दुसरीत जवळजवळ प्रत्येक घरापर्यंत.

ह्यावरून ऊस अजिबात लावू नये असा अर्थ कोणी काढू नये. हुकमी बाजारपेठ असलेले ते पीक आहे, आणि कालव्याच्या लाभक्षेत्रातील गावाचा हिशेब डोंगरावरच्या गावाहून निराळा असतो. ठिबकाने उसाच्या पाण्यात पुष्कळच बचत होते. आपल्या गावाच्या पाण्यात किती ऊस बसतो, एवढेच हिशेब सांगतो. वरील गावाने पुढीलप्रमाणे बेत केला असे समजू :

हरभरा १५० हेक्टर : १,८०,००० घनमीटर
गहू २५ हेक्टर : १,०५,००० घनमीटर
ऊस ४ हेक्टर : ६०,००० घनमीटर
रब्बी ज्वारी ५० हेक्टर, सात सेंटिमीटरची एक संरक्षक पाळी : ३५,००० घनमीटर
एकूण : ३,८०,००० घनमीटर
राखीव : ४१,६०० घनमीटर

राखीव ठेवलेला हा सुमारे दहावा हिस्सा वाया जातो असे मानू नये. काही पाणी आपोआप झिरपून ओढ्यास मिळते. त्यावर काठची झाडे जगतात, रानातील पाखरे व जनावरे तहान भागवितात, आणि पुढील पावसास उशीर झाला तर हेच पाणी गावाच्या उपयोगी पडते.

आता दुसरे वर्ष अवर्षणाचे आले व पाऊस ४०० मिलिमीटरच पडला असे समजू. मुरण्याचे प्रमाण तेच धरले तरी जमा ३,२०,००० घनमीटर होते. माणसांचा व जनावरांचा खर्च कमी होत नाही. तेव्हा शेतीसाठी २,६१,६०० घनमीटर उरते. पाऊस एक तृतीयांशाने घटला, परंतु शेतीचे पाणी त्याहून अधिक, म्हणजे शेकडा ३८ ने घटले. मागील वर्षाचाच बेत चालू ठेवला तर १,१८,४०० घनमीटरची तूट येते. ही तूट पिण्याच्या पाण्यातून जाते. टँकर येतो तो ह्याच तुटीमुळे. उलट, ऑक्टोबरमध्येच हे ओळखून नवा ऊस व गहू वगळला, तर खर्च २,१५,००० घनमीटरांवर येतो आणि ४६,६०० घनमीटर राखीव राहते. मार्चमध्ये पीक वाळू लागल्यावर हे ज्ञान झाले तर त्याचा काडीचाही उपयोग नाही. बियाणे, खत व मजुरी तोवर मातीत गेलेली असते.

विजेचाही विचार करावा. पाण्याची पातळी दहा मीटरने खाली गेली, तर पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरून, दर १,००० घनमीटर पाण्यामागे सुमारे ६८ युनिट वीज अधिक लागते. पातळी राखणे म्हणजे वीज वाचविणे, आणि त्या विजेसाठी जळणारा कोळसा वाचविणे होय.

ऐकणे, बोलणे आणि ठरविणे

माहिती पोहोचविल्याने काम होत नाही, हा धडा आपल्या राज्यात फार पूर्वी मिळालेला आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने नभोवाणी शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, ज्यांत शेजारचा नगर जिल्हा होता, गावकऱ्यांची मंडळे स्थापन झाली. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात असल्याने त्यात नव्हता. सुमारे वीस जणांचे मंडळ आठवड्यातून दोनदा जमे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐके आणि त्यानंतर त्यावर चर्चा करून आपल्या गावी काय करावयाचे ते ठरवी. जेथे अशी मंडळे होती, तेथील लोकांच्या ज्ञानात नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा अधिक भर पडली, असे ह्या प्रयोगाच्या पाहणीत आढळले. रेडिओ दोन्हीकडे होता. भेद होता तो एकत्र बसण्याचा.

मोबाईलचेही तसेच आहे. तो प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि हेच त्याचे सामर्थ्य तशीच त्याची उणीव होय. प्रत्येक जण एकटाच पाहतो. घरी बसून पंप सुरू करणारा मोबाईल स्टार्टर आता अनेकांकडे आहे. रात्रीबेरात्री विंचूकाट्यातून शेतात जाणे त्यामुळे टळते, हा त्याचा मोठा लाभ. परंतु पंप सुरू करून मनुष्य झोपी गेला, तर तेच यंत्र रात्रभर विहीर उपसते आणि वाफा तुंबतो. म्हणून ज्याने पंप सुरू होतो, त्याच मोबाईलवर पंप बंद करण्याची वेळही लावून ठेवावी. मेघदूतवर पावसाचा अंदाज असेल तर पाळी दोन दिवस लांबवावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ हे ॲप तयार केले आहे. पिकास केव्हा व किती पाणी द्यावे हे ठरविण्यास त्याचे साहाय्य होते.

आष्टी तालुक्यास लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव सर्वपरिचित आहे. श्री. पोपटराव पवार ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रथम पाणलोटाची कामे झाली. परंतु पाणी अडविल्यावर ते गाव थांबले नाही. पडलेला पाऊस मोजून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा आणि त्यावरून ग्रामसभेने पिके ठरवावयाची, अशी प्रथा त्याने पाडली. सिंचनासाठी विंधण विहिरी घेऊ नयेत आणि फार पाणी पिणारी पिके लावू नयेत, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. बीड जिल्ह्यातही पाणी अडविण्याचा उत्साह कमी नाही. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातील तीन तालुक्यांत झाली, त्यांत अंबाजोगाई हा एक होता, आणि तेथील गावांनी श्रमदानाने मोठे काम केले. परंतु अडविलेले पाणी मोजून वापरले नाही, तर चर व बंधारे ही केवळ अधिक पंपांना दिलेली आमंत्रणे ठरतात.

काही शंका

“विहीर माझी, पाणी माझे, मी गावास का सांगू?” अशी शंका साहजिक आहे. विहिरीचा खड्डा आपल्या मालकीचा असला, तरी त्यात येणारे पाणी सगळ्या शिवारातून झिरपून येते. आपण माप लपविले तरी शेजाऱ्याचा पंप ते पाणी ओढतोच. माप सर्वांस ठाऊक असेल तर निदान दोघांसही आवर घालता येतो.

“मोजल्यावर सरकार कर लावील, पंप बंद करील,” अशीही भीती काही जण बोलून दाखवितात. येथे सांगितलेली वही गावाची आहे. ती गावाने लिहावयाची आणि गावानेच वाचावयाची आहे. ज्या मालकाची संमती नसेल त्याची विहीर घेऊ नये. पहिल्या वर्षी सहा विहिरी मिळाल्या तरी पुरेत. आकडे खरे निघतात हे दिसल्यावर इतर लोक आपण होऊन येतात.

तिसरी अडचण अधिक खरी आहे. ज्यांच्या हाती मोबाईल आणि ज्यांच्या मालकीची विहीर, त्यांच्याच हाती निर्णय जाण्याचा संभव असतो. ज्यांस विहीर नाही त्यांनाही प्यावयास पाणी लागते. घरात पाणी भरण्याचे कष्ट स्त्रियांच्या वाट्याला येतात, आणि कोणती विहीर केव्हा आटते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. म्हणून मोजणी करणाऱ्या मंडळात बचतगटातील भगिनी असल्याच पाहिजेत. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी सभा व्हावी, हेही तितकेच महत्त्वाचे. ती परत येतात ती ऐन उन्हाळ्यात. गावाने सहा महिने केलेल्या उधळपट्टीची झळ त्यांनाच प्रथम लागते. फळ्याचे छायाचित्र त्यांच्याही मोबाईलवर दर महिन्यास पाठवावे.

वर्षाचा कार्यक्रम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील क्रम ठेवावा.

मे : विहिरी निवडणे, खुणा करणे, पहिले माप घेणे, पर्जन्यमापक तपासून बसविणे.

जून ते सप्टेंबर : रोजचा पाऊस फळ्यावर व मोबाईल गटावर, खरीपाची ई-पीक पाहणी मुदतीत पूर्ण करणे.

सप्टेंबरची अखेर : विहिरींचे माप घेऊन कच्चा ताळेबंद तयार करणे. शंका असल्यास कृषी विज्ञान केंद्राचा अथवा भूजल यंत्रणेचा सल्ला घेणे.

२ ऑक्टोबरच्या सुमारास : ग्रामसभेत ताळेबंद मोठ्याने वाचणे, रब्बीचा बेत ठरविणे आणि तो चावडीच्या भिंतीवर रंगविणे.

जानेवारी व मार्च : पुन्हा माप घेणे. पातळी बेताहून खाली असेल तर उन्हाळी पिके न घेण्याचा निर्णय करणे.

भिंतीवरचा तक्ता साध्या चित्रांचा असावा. एक हंडा म्हणजे दहा हजार घनमीटर, असे चिन्ह ठरविले, तर वरील गावाच्या शेतीच्या वाट्याला सुमारे बेचाळीस हंडे येतात. कोणत्या पिकास किती हंडे दिले हे ज्यास अक्षर येत नाही त्यासही दिसते, आणि बेत मोडला तर तेही सर्वांस दिसते.

पहिल्या वर्षी आकडे थोडे चुकतील; विहिरीच्या पुढील मापाने ते दुरुस्त करावेत. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या म्हणजे आपल्या शिवारात किती पावसास विहिरी किती चढतात, ह्याचा गावास स्वतःचा अनुभवसिद्ध ठोकताळा मिळेल. तो कोणत्याही पुस्तकातील प्रमाणाहून अधिक भरवशाचा असेल. गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या क्षेत्रातील निदान एका गावी येत्या मेमध्ये विहिरींवर खुणा करून घ्याव्यात, आणि गावातील शेतकरी बंधुभगिनींनी सोबत उभे राहून पहिले माप आपल्या हाताने घ्यावे.